इग्वानाचं घर कमी खर्चात: खोका जुना चालतो, ऊन नवंच लागतं

माझा धंदा शिवणकामाचा. गळ्यात टेप आणि हातात खडू, एवढीच माझी हत्यारं. करवत हातात घ्यायची वेळ आली ती काकडीमुळे. काकडी म्हणजे आमच्याकडचा हिरवा इग्वाना, मोठ्या सरड्याची एक जात. भाच्याने आणला तेव्हा शेपटीसकट वीतभर होता, रंगाने कोवळ्या काकडीसारखा, म्हणून हे नाव. तो नर आहे हे दीड-दोन वर्षांनी कळलं, तोवर नाव चिकटलं होतं. भाचा शिकायला बाहेरगावी गेला, जाताना म्हणाला, "मावशी, दोनच महिने सांभाळ गं." त्याला आता पाच वर्षं होतील.

काकडीबरोबर दोन फुटांची काचेची पेटी आली आणि एक विजेवर तापणारा दगड आला. दोन्ही गोष्टी निरुपयोगी होत्या हे कळायला मला वर्ष लागलं आणि त्याच्या पोटावर भाजल्याचा एक डाग पडला. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, तसं हे प्रकरण आहे. प्राणी स्वस्तात, कधी फुकटातही घरी येतो, खर्च सगळा घराचा. पण त्या बारा आण्यांतले आठ आणे वाचवता येतात. कुठले वाचवायचे आणि कुठल्यांना हात लावायचा नाही, तेवढंच इथे सांगते.

सुरुवातीलाच एक गोष्ट. हिरवा इग्वाना साइट्स कराराच्या (रानटी प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्ट दोनमध्ये आहे, म्हणजे त्याच्या देशाबाहेरच्या खरेदी-विक्रीवर नियंत्रण आहे. आपल्याकडे तो पाळायला नोंदणी किंवा परवाना लागतो का, हे करवत उचलायच्या आधी बघून घ्या. आणि प्राणी अजून घरी आलेला नसेल तर आधी घर बांधा, मग त्याला आणा. माझं उलटं झालं, म्हणून सगळं घाईत झालं.

माप आधी, हौस नंतर

पूर्ण वाढलेला नर शेपटीसकट पाच ते सहा फूट होतो, त्यात निम्म्याहून जास्त शेपूट. वजन चार-पाच किलो, कधी त्याहून जास्त. नीट सांभाळला तर पंधरा-वीस वर्षं जगतो. मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला, नदीकाठच्या झाडांवर राहणारा. त्यामुळे त्याला लांबीइतकीच उंची लागते. माझा पिंजरा सहा फूट लांब, तीन फूट खोल, सहा फूट उंच आहे आणि हे मी कमीत कमी समजते. जागा असेल तर लांबी आठ फूट करा. माझ्याकडे नाही, म्हणून काकडी रोज संध्याकाळी तासभर खोलीत मोकळा असतो आणि पडद्याच्या दांडीवर जाऊन बसतो.

"पिल्लू लहान आहे, आत्ता छोटा पिंजरा करू, पुढचं पुढे बघू" हा सगळ्यात महागडा विचार. मुलांचे कपडे आपण वाढत्या अंगाचे शिवतो, दुमड आत घालून ठेवतो आणि मूल वाढलं की उसवतो. इथे तेच करायचं. मोठा पिंजरा एकदाच बांधा आणि पिल्लू लहान असेपर्यंत आत जाळीची एक चौकट उभी करून अर्धा भाग बंद ठेवा. अर्ध्या भागात दिवा, फांद्या, पाणी सगळं हवं. पुढे चौकट काढून टाकायची. मी आधी दोन छोटे पिंजरे केले. दोन्हींचं लाकूड आणि बिजागऱ्या मिळून मोठ्याचा निम्मा खर्च निघाला असता.

दुसरी चूक मात्र हसण्यासारखी आहे. पहिला मोठा पिंजरा मी बाहेरच्या खोलीत उभा केला, कारण तिथे मशीन बाजूला सारून जागा होत होती. रविवारभर ठोकाठोकी केली, चांगला मजबूत केला. संध्याकाळी शेजारच्या दोन मुलांना हाक मारली, सगळ्यांनी मिळून उचलला आणि आतल्या खोलीच्या दाराशी थांबलो. दार अडीच फूट रुंद, पिंजरा तीन फूट खोल. आडवा करा, तिरका करा, काही उपयोग नाही. दिवसातून वीस माणसांची मापं घेणाऱ्या बाईने दाराचं माप घेतलं नव्हतं. शेजारचा मुलगा म्हणाला, "काकू, दार उसवता येतं का बघा." मी रात्री पिंजराच उसवला.

तेव्हा घरबांधणीतली पहिली शिकवण ही: मागची भिंत, दोन बाजू, तळ, छत आणि पुढची चौकट असे सहा भाग सुटे करायचे आणि जागेवर नेऊन नटबोल्टने जोडायचे. खिळे नकोत. घर बदलायची वेळ आली, एखादी बाजू कुजली, तर तेवढीच काढता येते.

सांगाडा कशाचा

सगळ्यात स्वस्त सांगाडा म्हणजे जुना दुमजली पलंग, मुलांचा असतो तो. बहुतेक पलंग सहा फुटांहून थोडे लांब, तीन फूट खोल आणि साडेपाच-सहा फूट उंच असतात. म्हणजे इग्वानाचं माप आयतंच. मुलं मोठी झाली की हा पलंग सगळ्यांना नकोसा होतो, नुसता "घेऊन जा" म्हणून देतात. मला ही अक्कल उशिरा आली. ओळखीच्या एकीला दुसरा पिंजरा करून दिला तो याच पद्धतीने, आणि तो माझ्या पिंजऱ्यापेक्षा भक्कम झाला. वरच्या मजल्याच्या निम्म्या फळ्या ठेवल्या, त्यावर उन्हाची बैठक, म्हणजे दिव्याखाली ऊब घेत बसायची जागा झाली.

जुनं कपाट मोठ्या इग्वानाला पुरत नाही, खोली दोनच फूट असते. तरुण जनावराला वर्षभर चालेल, त्यापुढे नाही. भुशाच्या दाबलेल्या पाट्यांचं फर्निचर तर घेऊच नका. माझा पहिला छोटा पिंजरा त्याचा होता. आतल्या दमटपणाने चार महिन्यांत तळ असा फुगला की दार लागेना.

मालाच्या लाकडी पेट्या, पॅलेट फुकट मिळत असतील तर त्यावरचा शिक्का बघा. 'एचटी' असेल तर लाकूड उष्णता देऊन कीडमुक्त केलंय, ते चालतं. 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेलं, ते नको. शिक्का नसेल किंवा लाकडावर कसले तरी डाग असतील तरी नको. देवदार आणि राळ गळणारं चीड टाळा, त्यांचा उग्र वास बंद जागेत सरड्याला बाधतो. जुन्या दारं-खिडक्यांवरच्या रंगात शिसं असू शकतं, त्यामुळे रंगवलेलं जुनं लाकूडही आत वापरायचं नाही.

माझा सांगाडा दोन बाय दोन इंचांच्या पट्ट्यांचा आहे. दारांसकट हिशेब १८० फुटांचा निघाला, मी २०० फूट घेतल्या. कापडात जशी शिवणीसाठी माया सोडतो तशी लाकडातही सोडावी लागते. करवतीचं पातं स्वतःच दोन-तीन मिलिमीटर खातं, हे मला दुसऱ्या पट्टीनंतर कळलं.

प्लाय बेतायचा कसा

हा भाग माझ्या आवडीचा. बाजारात प्लायचा पत्रा आठ बाय चार फुटांचा येतो. पाण्याला टिकणारा, १२ मिलिमीटर जाडीचा प्लाय, पाच पत्रे. पाचही पत्रे आधी सहा फुटांवर आडवे कापून घ्या. दुकानात मशीनवर कापून देत असतील तर तिथेच कापून घ्या, सरळ रेघेत कापणं हाताने होत नाही.

आता प्रत्येक पत्र्याचे दोन तुकडे झाले: एक सहा बाय चारचा आणि एक दोन बाय चारचा. पहिल्या पत्र्याचा सहा बाय चारचा तुकडा अख्खा मागच्या भिंतीला. दुसऱ्याचा उभा चिरून दोन-दोन फुटांच्या दोन पट्ट्या करा. एक मागच्या भिंतीला जोडली की सहा बाय सहाची भिंत पुरी झाली. जोड येतो तिथे चौकटीत एक उभी पट्टी हवी. दुसरी पट्टी बाजूला ठेवा. तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या पत्र्यातून सहा बाय तीनचे तुकडे निघतात: एक तळाला, दोन बाजूंना. प्रत्येकातून एक फूट रुंदीची पट्टी उरते, अशा तीन.

छत राहिलं. त्याला नवा पत्रा घ्यायचा नाही. दोन बाय चारचे पाच तुकडे पडलेत ना, त्यातल्या तिघांचा एकेक फूट कापला की दोन बाय तीनचे तीन तुकडे होतात. शेजारी शेजारी लावले की सहा बाय तीन, म्हणजे बरोबर छत. एक फुटी पट्ट्यांतली एक पुढच्या बाजूला खाली आडवी लावा, बाकीच्या दोन आणि ती दोन फुटी पट्टी आतल्या फळ्यांना. सहा मिलिमीटरच्या प्लायनेही भिंती झाल्या असत्या आणि स्वस्तात झाल्या असत्या. पण मग उरलेल्या पट्ट्यांवर पाच किलोचा सरडा बसवता आला नसता, फळ्या वेगळ्या घ्याव्या लागल्या असत्या.

पुढची ती फूटभर उंचीची पट्टी शोभेची नाही. इग्वानाला खालून बाहेरचं दिसलं की तो तिथून निघायला बघतो, नाक घासत राहतो आणि नाकाची कातडी सोलवटते. खालचा फूटभर भाग बंद असला की हे बरंच कमी होतं.

लाकडाला ओल लागू नये म्हणून आतून पाण्यात मिसळणारं पॉलियुरेथेन पॉलिश, चार हात. दोन हातांच्या मध्ये २२० नंबरचा पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवायचा. कडांना आणि कापलेल्या तोंडांना एक हात जास्त, पाणी तिथूनच शिरतं. सांध्यांमध्ये साधं सिलिकॉन भरा. बुरशी लागू नये म्हणून औषध घातलेलं सिलिकॉन मिळतं, ते घेऊ नका, ते औषध जनावराला चांगलं नाही. सिलिकॉन वाळताना व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. तो वास पूर्ण जाईपर्यंत आणि पॉलिशचाही वास मरेपर्यंत, म्हणजे निदान आठ-दहा दिवस, पिंजरा रिकामा ठेवायचा. भाचा फोनवर रोज विचारायचा, "झालं का, मावशी?" मी रोज आत डोकं घालून वास घ्यायची आणि सांगायची, "अजून नाही."

तळाला व्हिनाइलचा तुकडा घाला, जमिनीला लावतात तो. कडा चार इंच वर वळवून सिलिकॉनने चिकटवल्या की तळाचं ताट होतं, पाणी सांडलं तरी पुसून घेता येतं. वर नुसता वर्तमानपत्राचा कागद. भुसा, सालीचे तुकडे, वाळू असलं काही पसरायचं नाही. जिभेने चाचपत चाचपत तो ते गिळतो आणि आतडं अडतं.

दारं आणि जाळी

दार पुढूनच हवं, वरून उघडणारं नको. इग्वानाच्या डोक्यावर मधोमध एक फिकट खवला दिसतो, तो त्याचा तिसरा डोळा. त्याने चित्र दिसत नाही, पण उजेड आणि सावली कळते. वरून हात आला की त्याच्या दृष्टीने घारच आली, मग शेपटीचा फटकारा बसणारच. माझ्या मनगटावर दोन वळ उठले आहेत.

माझ्या दुसऱ्या पिंजऱ्याला तिन्ही बाजूंनी जाळी होती. स्वस्त पडली, हवा भरपूर. पण आतली आर्द्रता पस्तीस टक्क्यांच्या वर जाईना आणि हव्या होत्या साठ ते ऐंशी. कात नीट निघेना, बोटांवर कातीचे आवळ दोऱ्यासारखे राहिले. ते तसेच राहिले तर रक्त अडून बोटाचं टोक वाळून गळतं. काकडीचं एक नख तसंच गेलं. म्हणून आता तीन भिंती बंद, दोन्ही दारांना पारदर्शक पॉलिकार्बोनेटची शीट, आणि वाऱ्यासाठी दोनच खिडक्या: डाव्या बाजूला खाली सहा इंचांची पट्टी आणि उजव्या बाजूला वर तेवढीच. गरम हवा वरून निघते, थंड खालून येते.

या खिडक्यांना वेल्डिंगची जाळी लावा, अर्धा बाय एक इंचाची, वर प्लास्टिकचा मुलामा असलेली. कोंबड्यांची षटकोनी जाळी नको, तिच्यात नख अडकून उपटतं. जाळीची कापलेली टोकं बाहेरच्या बाजूला घ्या आणि वरून पट्टी मारा.

लोहचुंबकाचा कॅच दाराला पुरेल असं मला वाटलं होतं. तिसऱ्या दिवशी काकडी कपाटावर, ब्लाउजच्या कापडांच्या गठ्ठ्यावर सापडला. आता प्रत्येक दाराला दोन कड्या, एक वर, एक खाली.

फांद्या

इथे एक पैसा घालवू नका. वादळानंतर पडलेल्या, औषध न फवारलेल्या झाडाच्या फांद्या आणा. कण्हेर सोडून. कण्हेर विषारी आहे, तिची काटकीसुद्धा आत नको. फांदी जनावराच्या अंगाइतकी जाड हवी, म्हणजे पोट टेकवून आणि पाय सोडून तो पडू शकतो. गरम पाण्याने ब्रशने घासून, सालीत दडलेले किडे काढून, कडक उन्हात आठवडाभर वाळवा.

फांदी प्लायमध्ये नाही, चौकटीच्या उभ्या पट्टीत बसवायची, बाहेरून लांब स्क्रू आणि मोठे वायसर घालून. बसवल्यावर मी दोन्ही हातांनी लोंबकळून बघते. माझं वजन पेललं तर काकडीचं पेलेल. एक तिरकी फांदी तळापासून मधल्या फळीपर्यंत, दुसरी तिथून उन्हाच्या बैठकीपर्यंत. बांबू फुकट मिळत असेल तर चालतो, पण गुळगुळीत असतो. त्यावर काथ्या घट्ट गुंडाळा आणि सुटे धागे जाळून टाका. सुट्या धाग्यात बोट अडकतं.

ऊन: इथे कंजुषी नाही

आत्तापर्यंत सगळं जुनं, मागून आणलेलं चाललं. दिवे तसे चालत नाहीत.

इग्वानाला दोन प्रकारचं ऊन लागतं. एक उष्णता देणारं, आणि दुसरं अतिनील किरणांचं, ज्याला यूव्हीबी म्हणतात. यूव्हीबी कातडीवर पडलं की शरीर त्यातून डी३ जीवनसत्त्व बनवायला लागतं, आणि ते पुरं व्हायला अंगात ऊब असावी लागते. डी३ नसेल तर पोटात गेलेला चुना, म्हणजे कॅल्शियम, अंगी लागत नाही. मग जबडा मऊ होतो, पाय वाकडे होऊन सुजतात, पाठीला बाक येतो. वाकलेलं हाड पुन्हा सरळ होत नाही. काकडी आमच्याकडे आला तेव्हा खिडकीशी ठेवलेला होता आणि सगळे म्हणायचे, ऊन मिळतंय की. खिडकीच्या काचेतून ऊब येते, यूव्हीबी जवळजवळ येतच नाही. पॉलिकार्बोनेटचंही तेच. म्हणून दिवा आणि जनावर यांच्यामध्ये पारदर्शक काहीही नको, आणि बारीक जाळीसुद्धा तिसरा हिस्सा, कधी निम्मे किरण खाते.

सहा फुटी पिंजऱ्याला चार फुटांची टी५ (ही बारीक जाडीची ट्यूब) यूव्हीबी ट्यूब, १० ते १२ टक्के यूव्हीबीची, परावर्तक पत्र्यासकट. स्क्रूच्या पिळासारखे छोटे गोल दिवे स्वस्त मिळतात, पण त्यांचा प्रकाश इवल्याशा जागेवर पडतो. त्यात एवढं मोठं जनावर मावत नाही. मधे जाळी नसेल तर ट्यूब त्याच्या पाठीपासून साधारण दीड फुटावर. डब्यावर अंतराचा तक्ता दिलेला असतो, तो वाचा. ट्यूब वर्षाने बदलायची, दिसायला अजून पेटत असली तरी. डोळ्यांना दिसणारा उजेड टिकतो, यूव्हीबी कमी होत जातं. मी ट्यूबच्या टोकावर तारीख लिहून ठेवते, कापडाच्या तागावर लिहिते तशी.

ही ट्यूब वापरलेली घ्यायची नाही. कुणाकडे किती वर्षं जळली, कोण सांगणार? पट्टी आणि पत्रा मात्र जुने चालतात.

उबेसाठी साधे हॅलोजनचे दिवे, ज्यांचा झोत रुंद पडतो असे. सरड्यांसाठी म्हणून वेगळे महाग दिवे विकतात, त्यांची गरज नाही. पण एकच मोठा दिवा लावू नका. एका दिव्याचा झोत पाठीच्या मधल्या भागावर पडतो, तिथे कातडी भाजते आणि शेपूट, मांड्या थंडच राहतात, म्हणून तो आणखी वेळ तिथे बसतो. ७५ वॅटचे दोन किंवा तीन दिवे ओळीने लावले की अंगभर ऊब मिळते. यूव्हीबीची ट्यूबही त्याच बैठकीवर हवी.

दिवा चिनी मातीच्या होल्डरमध्येच. प्लास्टिकचा होल्डर वितळतो. दिव्याभोवती तारेची टोपली बसवा, कारण इग्वाना दिव्याला चिकटून बसतो आणि भाजतंय हे त्याला वेळेत कळत नाही. छत लाकडी आहे, तेव्हा दिव्याचं तोंड आणि लाकूड यात फूटभर अंतर ठेवा आणि दिव्यावर छताला धातूच्या पत्र्याचा तुकडा मारा. वायरी बाहेरून न्या. बोर्डापाशी वायरला खाली एक झोळ द्या, म्हणजे ओघळलेलं पाणी बोर्डात न जाता झोळातून खाली टपकतं. अर्थ लीकेजचा स्विच, म्हणजे वीज गळली की लगेच लाइन तोडणारा, नसेल तर बाकी काही घ्यायच्या आधी तो बसवून घ्या.

किती तापमान? बैठकीच्या पृष्ठभागावर ३५ ते ३८ अंश सेल्सियस, पिंजऱ्यात इतरत्र २६ ते ३० आणि सगळ्यात खालचा कोपरा त्याहून थोडा थंड, म्हणजे त्याला आपल्या सोयीने जागा बदलता येते. दिवे बारा तास, आणि टायमरवर. मी सुरुवातीला हाताने लावायची, लग्नसराईच्या दिवसांत विसरायची.

रात्री २३-२४ अंशांच्या खाली जाऊ देऊ नका. फ्लोरिडात २०२० च्या जानेवारीत थंडीची लाट आली तेव्हा हवामान खात्याने लोकांना सांगितलं होतं, झाडांवरून गारठलेले इग्वाना पडतील. आपल्या खोलीत तेवढी थंडी नसेल, पण पाला पचायला त्याच्या पोटाला ऊब लागते. पोटातले जंतू पाला आंबवतात, आणि गारठलं की ते काम थांबतं. रात्रीसाठी चिनी मातीचा, उजेड न देणारा हीटर, थर्मोस्टॅटवर, म्हणजे ठरवलेल्या तापमानाला हीटर आपोआप चालू-बंद करणाऱ्या स्विचवर. थर्मोस्टॅट नवा घ्या. तो अडकला तर पिंजरा भट्टी होतो. तापणारा दगड कुणी फुकट दिला तरी आत घालू नका. काकडीच्या पोटावरचा डाग त्याचाच.

वीज किती जाते ते आधी मांडून बघा. तीन दिवे आणि ट्यूब मिळून २७९ वॅट, बारा तासांचे साधारण ३.३५ युनिट. रात्रीचा १५० वॅटचा हीटर निम्मा वेळ चालला तर आणखी ०.९. महिन्याचे सव्वाशेच्या आसपास युनिट होतात. लाकूड एकदाच लागतं, हे दर महिन्याला. मागच्या भिंतीला आणि बाजूंना बाहेरून थर्माकोलचे पॅकिंगमधले तुकडे चिकटवले, दिव्यांपासून लांब, तेव्हा रात्रीचा हीटर कमी वेळ चालायला लागला.

पाणी

पोहता येईल असं टब, कपडे भिजवायचं जुनं घमेलं चालतं. इग्वाना बहुधा पाण्यातच शी करतो. आधी मी नाक मुरडायची, आता बरं वाटतं, कारण बाकीचा पिंजरा कोरडा राहतो आणि रोज एक घमेलं ओतलं की झालं. ओतायचं संडासात, स्वयंपाकघराच्या मोरीत नाही. त्याच्या शीतून साल्मोनेला जंतू येऊ शकतात, तेव्हा प्रत्येक वेळी साबणाने हात धुवा. दारांवर पांढरे ठिपके दिसले तर घाबरू नका. तो शिंकतो तेव्हा नाकातून जास्तीचं मीठ बाहेर पडतं, ओल्या फडक्याने जातं. आर्द्रता कमी झाली तर सकाळ-संध्याकाळ फवारणीची बाटली, कपड्यांना इस्त्री करताना वापरतो ती.

आधी रिकामं चालवून बघा

घर झालं की लगेच जनावर सोडू नका. तीन दिवस दिवे, हीटर, टब सगळं चालू ठेवून रिकामं चालवा. दोन सुटे तापमान मोजणारे, एक बैठकीवर आणि एक खालच्या कोपऱ्यात, आणि एक इन्फ्रारेड मापक, पृष्ठभाग मोजायला. मापक मी एकाकडून आठ दिवसांसाठी मागून आणला होता. गोल काट्याचे चिकटवायचे मोजणारे घेऊ नका, माझ्याकडचे दोन शेजारी शेजारी लावले तर पाच अंशांचा फरक दाखवायचे.

सकाळी आठ, दुपारी दोन, रात्री दहा आणि पहाटे पाच, असे आकडे वहीत लिहिले. पहिल्या दिवशी दुपारी बैठक ४४ अंशांवर गेली. फळी चार इंच खाली घेतली, ४० आली. एक दिवा ७५ ऐवजी ५० वॅटचा केला, तेव्हा ३७ वर स्थिरावली. जनावर आत असतं तर हे सगळं त्याच्या पाठीवर झालं असतं.

चौथ्या दिवशी काकडीला आत सोडला. तो तासभर खालच्या कागदावर निपचित बसून राहिला, मग तिरक्या फांदीला नखं लावली आणि न थांबता थेट वरच्या फळीवर गेला. गळ्याखालची झालर पसरली, डोकं दोनदा वर-खाली केलं आणि पोट टेकवलं.

दोन बाय चारचे दोन तुकडे उरले होते. एकाचं वायरींवर झाकण झालं. दुसऱ्याला पॉलिश पेपर मारून तो मी मशीनशेजारी कापड बेतायला ठेवलाय.